मुखवटा, कोरस आणि तीन नट : ग्रीक शोकांतिका कशी उभी राहिली

ग्रीक शोकांतिका आज आपल्यापर्यंत पोचते ती बहुतेक वेळा पुस्तकाच्या रूपाने. सोफोक्लीसचा ‘इडिपस’ अभ्यासक्रमात लागलेला असतो, पु. ल. देशपांडे यांचे ‘राजा ओयदिपौस’ कुणी वाचलेले असते, आणि मग नियती, अहंकार, मानवी दुःख अशा मोठ्या शब्दांत या नाटकांची चर्चा होते. त्या चर्चेत गैर काही नाही. पण ही नाटके ज्या व्यवस्थेत उभी राहिली ती व्यवस्था बाजूला ठेवली, तर त्यांतल्या अनेक गोष्टी चमत्कारिक वाटू लागतात. बारा-पंधरा माणसांचा घोळका जवळजवळ सगळा वेळ तिथेच का उभा असतो? खून दाराआडच का होतात? एखादे पात्र समोर येऊन शंभर-शंभर ओळी मौन का पाळते? या प्रश्नांची उत्तरे तत्त्वज्ञानापेक्षा प्रयोगाच्या रीतीत अधिक सापडतात. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये नाटक हा एका देवाचा उत्सव होता, नगरराज्याचा अधिकृत समारंभ होता आणि शेवटी निकाल लागणारी स्पर्धाही होती. या तिन्हींच्या अटी कवीला पाळाव्याच लागत आणि माझ्या मते शोकांतिकेचे बळ त्या अटींतूनच आलेले आहे.

उत्सव डायोनायसस या देवाचा. मद्य, उन्माद, वेषांतर आणि रानातली झाडेझुडपे यांच्याशी जोडलेला हा देव होता. त्याच्या अनेक उत्सवांपैकी सर्वांत मोठा म्हणजे ‘नगर-डायोनायसिया’. तो मार्चअखेरीच्या सुमारास भरे, म्हणजे हिवाळ्यातली वादळे ओसरून समुद्रप्रवास पुन्हा सुरू होण्याच्या सुमारास. त्यामुळे परगावचे पाहुणे, व्यापारी आणि अंकित राज्यांचे दूत त्या वेळी अथेन्समध्ये असत. देवाची मूर्ती गावाबाहेर नेऊन वाजतगाजत परत आणली जाई, मोठी मिरवणूक निघे, बैलांचे बळी दिले जात आणि मग गाण्याच्या व नाटकांच्या स्पर्धा सुरू होत. जानेवारीत ‘लेनाया’ नावाचा दुसरा उत्सव असे आणि तिथेही नाटके होत, पण तो मुख्यतः घरचा मामला; सगळ्या ग्रीक जगाने पाहावा असा मान वसंतातल्या उत्सवालाच होता.

या उत्सवातल्या समूहगानांतून शोकांतिका जन्मली, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. डायोनायससच्या स्तुतीपर ‘डिथिराम’ नावाचे गीत पन्नास जणांचा वृंद वर्तुळात नाचत गाई. पुढच्या काळात अथेन्सच्या दहा जमातींपैकी प्रत्येकीचा पुरुषांचा एक आणि मुलांचा एक असे वृंद या स्पर्धेत उतरत, म्हणजे एका उत्सवात एकूण एक हजार गाणारे. अशा गानवृंदाचे नेतृत्व करणारा माणूस कधीतरी वृंदापासून वेगळा झाला, गोष्टीतल्या माणसाच्या वतीने बोलू लागला आणि वृंदाला उत्तरे देऊ लागला. परंपरा हे श्रेय थेस्पिस या कवीला देते आणि इ. स. पू. ५३४ च्या सुमारास, पायसिस्ट्रॅटस हा हुकूमशहा सत्तेवर असताना, त्याने अथेन्समध्ये पहिली शोकांतिका सादर केली असे मानते. चरित्रकार प्लुटार्कने एक आख्यायिका नोंदवली आहे : अथेन्सचा कायदेकर्ता असलेल्या वृद्ध सोलोनने थेस्पिसचा प्रयोग पाहिला आणि इतक्या लोकांसमोर धडधडीत खोटे बोलायला तुला लाज वाटत नाही का, असे त्याला विचारले. हा तर नुसता खेळ आहे, असे थेस्पिस म्हणाला, तेव्हा सोलोनने काठी जमिनीवर आपटली आणि हा खेळ उद्या आपल्या करारमदारांतही शिरेल, असे बजावले. गोष्ट खरी असो वा नसो, एका माणसाने दुसऱ्याचे ‘मी’ आपल्या तोंडी घेणे हे त्या समाजाला किती नवे आणि किती संशयास्पद वाटले असेल, याची कल्पना तिच्यावरून येते.

थेस्पिसपाशी नट एकच होता, तो स्वतः. दुसरा नट एस्किलसने आणला आणि तिसरा सोफोक्लीसने, असे अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. आणि वाढ तिथेच थांबली. पात्रे कितीही असोत, ती तीन नटांनी आपसांत वाटून घ्यायची. सगळे नट पुरुष, त्यामुळे क्लायटेम्नेस्ट्रा, मेडिया, अँटिगनी या सगळ्या स्त्रिया पुरुषांनीच उभ्या केल्या. डोके पूर्ण झाकणारा मुखवटा असल्यामुळे एकच नट आत जाऊन मुखवटा व झगा बदलून काही मिनिटांत दुसरे पात्र म्हणून बाहेर येऊ शके. हे मुखवटे ताठ केलेल्या कापडासारख्या हलक्या साहित्याचे असत, म्हणून त्यांतला एकही टिकलेला नाही. आपल्याला ठाऊक आहेत ती मातीच्या भांड्यांवरची चित्रे आणि नंतरच्या काळातल्या दगडी प्रतिकृती. उंच टाचांचे जोडे घातलेला, तोंड वासलेल्या भेसूर मुखवट्याचा जो ग्रीक नट चित्रांत दिसतो, तो खरे तर कित्येक शतकांनंतरच्या रंगभूमीवरचा आहे. पाचव्या शतकातले जोडे मऊ आणि सपाट तळाचे असत आणि मुखवट्यांचे चेहरेही पुष्कळच शांत असत.

मुखवट्यामुळे चेहऱ्यावरचे भाव नटाच्या हाती उरत नाहीत. उरतो तो आवाज, मान, हात आणि पावले. ‘ती रडते आहे’, ‘तो थरथर कापतो आहे’ असे दुसऱ्या पात्रांनी वारंवार बोलून दाखवणे आज वाचताना कंटाळवाणे वाटते. पण शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी तेच अश्रू असत. आवाजाला म्हणूनच अपार महत्त्व होते. इ. स. पू. ४४९ पासून नटांसाठी स्वतंत्र पारितोषिक सुरू झाले, आणि प्रेक्षकांचे कानही तयार होते. इ. स. पू. ४०८ मध्ये युरिपिडीसच्या ‘ऑरेस्टीस’मध्ये हेगेलोकस या नटाने ‘वादळानंतर पुन्हा समुद्राची शांतता दिसते आहे’ अशा अर्थाची ओळ म्हणताना एक स्वर असा काही उच्चारला की तिचा अर्थ ‘मला पुन्हा मुंगसासारखे जनावर दिसते आहे’ असा झाला. विनोदी नाटककार पुढे कितीतरी दिवस त्याची टिंगल करत राहिले.

नाटक बसवण्यासाठी कवीने आधी आर्कन या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्या वर्षीच्या उत्सवासाठी आर्कन तीन शोकांतिकाकार निवडी आणि प्रत्येकाला ‘कोरस देई’, म्हणजे नाटकात गाणारा-नाचणारा वृंद नेमून देई. खर्चाची सोय मोठी मार्मिक होती. नगरातल्या एखाद्या धनवान नागरिकावर कोरसचा सगळा भार टाकला जाई : शिक्षक, तालमीची जागा, खाणेपिणे, वेष, मुखवटे. त्याला ‘कोरेगोस’ म्हणत. हा एक प्रकारचा करच. पण त्यात मिरवण्याची संधी असल्यामुळे महत्त्वाकांक्षी लोक तो उत्साहाने भरत. न्यायालयातल्या एका भाषणात एक अथेन्सवासी अभिमानाने सांगतो की शोकांतिकेच्या एका कोरसवर त्याने तीन हजार ड्राक्मा खर्च केले. त्या काळी कुशल कारागिराची दिवसाची मजुरी एक ड्राक्मा होती, हे लक्षात घेतले म्हणजे रकमेचा आवाका कळतो. कोरसमधले लोक व्यावसायिक नसत, ते साधे नागरिक असत आणि तालमींच्या काळात त्यांना सैन्यातल्या हजेरीतून सूट मिळे. म्हणजे प्रेक्षकांत बसलेल्या कितीतरी जणांनी कधी ना कधी त्या जागेत स्वतः नाचून-गाऊन घेतलेले असे. नाटक जाणणारा असा प्रेक्षकवर्ग जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

प्रत्येक कवी एका दिवसात चार नाटके सादर करी : तीन शोकांतिका आणि त्यांच्यामागून एक ‘सॅटर’ नाटक, ज्यात घोड्याचे शेपूट व कान असलेल्या दारुड्या, वात्रट वनचरांचा कोरस पुराणकथेचीच थट्टा करी. सकाळपासूनच्या तीन खून-विलापांनंतर ही मोकळीक आवश्यकच असावी. परीक्षकांची निवड हा तर निवडणूकशास्त्राचा नमुना होता. दहा जमातींच्या दहा कलशांतून प्रत्येकी एक नाव काढले जाई, ते दहा जण शेवटी आपापला निकाल लिहीत आणि त्यांतल्या फक्त पाच पाट्या चिठ्ठीसारख्या उचलून विजेता ठरे. लाचलुचपतीला आळा बसावा आणि देवाच्या मर्जीलाही थोडी जागा राहावी, असा दुहेरी हेतू त्यात दिसतो. निकाल मात्र कधीकधी अजब लागत. ‘राजा इडिपस’ ज्या संचात होते तो संच फिलोक्लीस या एस्किलसच्या भाच्याने हरवला. त्या फिलोक्लीसचे एकही नाटक आज उरलेले नाही. ‘मेडिया’ला इ. स. पू. ४३१ मध्ये तिसरा, म्हणजे शेवटचा, क्रमांक मिळाला.

प्रयोग होई अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, उघड्यावर, दिवसाउजेडी. उतारावर लाकडी बाके, खाली ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे कोरसच्या नाचाचे सपाट आवार, त्यामागे ‘स्कीनी’ ही लाकडी इमारत आणि दोन्ही बाजूंनी ऑर्केस्ट्रात येणाऱ्या दोन लांब वाटा. पुस्तकांत छापलेला भव्य, अचूक वर्तुळाकार, दगडी प्रेक्षागार बहुधा एपिडॉरसचे असते आणि ते सोफोक्लीसच्या मृत्यूनंतर कितीतरी दशकांनी, चौथ्या शतकात बांधले गेले. मूळच्या ३४ रांगांवर पुढे २१ रांगांची भर पडली आणि तिथे तेरा-चौदा हजार लोक बसू शकत. अथेन्सचे प्रेक्षागारसुद्धा पूर्ण दगडी झाले ते लायकर्गस या मुत्सद्द्याच्या काळात, इ. स. पू. ३३० च्या आसपास. एस्किलसचे प्रेक्षक लाकडी फळ्यांवर बसले होते. त्यांच्यामागे त्यांच्या देवतांची मंदिरे होती आणि समोर, इमारतीच्या पलीकडे, मोकळा मुलूख दिसत होता. पडदा नाही, अंधार नाही, कृत्रिम प्रकाश नाही. प्रेक्षक एकमेकांना दिवसभर दिसत असत, न आवडल्यास टाचांनी बाके बडवत, आणि नट वाईट असले की लोक खाऊ जास्त खातात, हे निरीक्षण तर खुद्द अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात नोंदवले आहे.

नाटके सुरू होण्याआधी त्याच जागी राज्याचे समारंभ होत. अथेन्सचे दहा सेनापती देवाला मद्य अर्पण करीत. अंकित राज्यांनी आणलेली खंडणीची चांदी ऑर्केस्ट्रात मांडून दाखवली जाई. युद्धात बाप गमावलेली, राज्याने वाढवलेली मुले वयात आली की त्यांना पूर्ण चिलखत देऊन लोकांपुढून चालवत नेत. आणि याच जागी इ. स. पू. ४१५ च्या वसंतात युरिपिडीसने ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक केले, ज्यात विजयी सैन्य बायकापोरांना गुलाम म्हणून वाटून घेते आणि एका लहान मुलाला तटावरून फेकून देते. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात अथेन्सने मेलॉस बेटावरच्या हाती लागलेल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करून तिथल्या बायकामुलांना गुलाम केले होते. नाटकात मेलॉसचे नावही नाही. तशी गरजच नव्हती.

हे नाव न घेणे कवी एका जुन्या अनुभवातून शिकले असावेत. पर्शियनांनी इ. स. पू. ४९४ मध्ये अथेन्सचे मित्रनगर मायलीटस उद्ध्वस्त केले, तेव्हा फ्रिनिकस या कवीने त्यावर लगेच नाटक लिहिले. सारे प्रेक्षागार ओक्साबोक्शी रडले. अथेन्सने मग आपल्याच घरचे दुःख आठवून दिल्याबद्दल फ्रिनिकसला हजार ड्राक्मा दंड ठोठावला आणि ते नाटक पुन्हा कुणीही करू नये असा हुकूम काढला. इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेला हा प्रसंग मला शोकांतिकेच्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो, कारण दुःख किती अंतरावर ठेवले म्हणजे ते पाहवते, हा प्रश्न त्यात उघड होतो. एस्किलसने इ. स. पू. ४७२ मध्ये ‘पर्शियन’ हे नाटक केले, तेव्हा विषय ताज्या युद्धाचाच होता. पण त्याने स्थळ निवडले शत्रूच्या राजधानीचे, आणि सालामिसच्या आरमारी लढाईतला पराभव ऐकून आक्रोश करणारे पर्शियन दरबारी त्याने ती लढाई स्वतः लढलेल्या लोकांसमोर उभे केले. त्या वेळी कोरसचा खर्च उचलणारा तरुण पुढे अथेन्सचा नेता झालेला पेरिक्लीस होता. अखंड उपलब्ध असलेल्या शोकांतिकांपैकी समकालीन इतिहासावरची एवढी एकच आहे. बाकी सगळ्या पुराणकथांवर, आणि त्यासुद्धा बहुतेक थीब्ज, आर्गॉस, ट्रॉय अशा परमुलखातल्या राजघराण्यांच्या.

कथा आधीच ठाऊक असल्यामुळे पुढे काय होणार याचे कुतूहल जवळपास नाहीसे होई. त्याच्या जागी येई ते पात्राला ठाऊक नसलेले आपल्याला ठाऊक असण्याचे दडपण. ‘राजा इडिपस’ सगळे यावर उभे आहे. थीब्जवर रोगराई आली आहे आणि जुन्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती टळणार नाही, म्हणून इडिपस त्या खुन्याला जाहीर शाप देतो. प्रेक्षकांना ठाऊक असते की खुनी तो स्वतःच आहे. मग कॉरिंथहून एक निरोप्या आनंदाची बातमी घेऊन येतो : तुझे वडील पॉलिबस वारले, तू आता तिथला राजा. आपल्या हातून बापाची हत्या होईल आणि आईशी आपले लग्न होईल या भाकिताला इडिपस जन्मभर भ्यालेला, त्याला हायसे वाटते. पण आईबद्दलची भीती अजून उरली आहे, असे तो म्हणतो. तीही दूर करावी म्हणून निरोप्या भल्या मनाने सांगतो की ते तुझे आईबाप नव्हतेच, तुला लहानपणी मीच डोंगरात एका धनगराकडून घेतले होते. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या राणीला, म्हणजे त्याची खरी आई असलेल्या योकास्टाला, त्या क्षणी सगळे उमगते. ती इडिपसला चौकशी थांबव म्हणून विनवते आणि तो ऐकत नाही असे पाहून आत निघून जाते. आणि इडिपसला वाटते की आपला जन्म हलक्या कुळातला निघेल याची तिला लाज वाटते आहे. चांगल्या बातमीनेच घात होण्याचे हे वळण अ‍ॅरिस्टॉटलने ‘उलटापालट’ या कल्पनेचे उदाहरण म्हणून दिले. यानंतर योकास्टाचा गळफास आणि इडिपसने स्वतःचे डोळे फोडणे प्रेक्षक पाहत नाहीत, ऐकतात : आतून आलेला सेवक ते सविस्तर सांगतो.

मृत्यू रंगमंचावर दाखवू नये असा संकेत नाट्यशास्त्रातही आहे, पण ग्रीकांकडे तशी स्पष्ट बंदी कुणी घातल्याचे दिसत नाही. ‘अल्सेस्टिस’मध्ये नायिका प्रेक्षकांसमोरच प्राण सोडते. मारहाण आणि खून मात्र जवळजवळ नेहमीच दाराआड होतात. कारणे व्यवहारातलीही असावीत, कारण तीनच नट असताना त्यांतला एक प्रेत होऊन पडून राहिला तर पुढची पात्रे कोण करणार? पण एस्किलसने या अडचणीचे काय केले, ते ‘अ‍ॅगमेम्नॉन’मध्ये पाहण्यासारखे आहे. इ. स. पू. ४५८ च्या उत्सवात त्याने एकाच घराण्यावरच्या सलग तीन शोकांतिका सादर केल्या, त्यांतली ही पहिली. आणि एका दाराची ‘स्कीनी’ इमारत निश्चितपणे वापरलेली आपल्याला दिसते ती इथे प्रथम.

ट्रॉय जिंकून राजा अ‍ॅगमेम्नॉन रथातून घरी येतो. रथात मागे एक स्त्री बसलेली आहे, तिच्याविषयी कुणी काही बोलत नाही. राणी क्लायटेम्नेस्ट्रा दारापर्यंत किरमिजी-जांभळी मौल्यवान वस्त्रे अंथरते आणि राजाने त्यांवरून चालत यावे असा आग्रह धरते. असा मान देवांचा आहे, हे कळत असूनही तो जोडे काढून त्या रक्तासारख्या रंगावरून चालत आत जातो. मग राणी रथातल्या कैदी स्त्रीला आत बोलावते. ती ट्रॉयची राजकन्या कॅसांड्रा. ती हलत नाही, बोलत नाही. हिला ग्रीक येत नसावे, असे म्हणत राणी चिडून निघून जाते. एव्हाना प्रेक्षकांनी मनाशी ठरवून टाकलेले असते की हे न बोलणारे पात्र आहे, कारण आतापर्यंतचे नाटक दोन नटांवर चालले आहे आणि तिसरा नट ही त्या काळी नवी सोय आहे. नेमक्या त्या वेळी कॅसांड्राच्या तोंडून शब्द होण्याआधीचा नुसता आक्रोश फुटतो, मग ती अपोलोला हाक मारते, या घरात पूर्वी कापली गेलेली लेकरे तिला दिसतात, आणि आत या घडीला न्हाणीघरात जे रचले जात आहे तेही दिसते. खून व्हायच्या आधीच तो आपल्याला पाहायला मिळतो, आणि तोही दार बंद असताना. तिच्या बोलण्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही असा शाप तिला असल्यामुळे समोरचे वृद्ध फक्त गोंधळतात. ती स्वतः मरायला आत जाते.

थोड्याच वेळात आतून राजाची किंकाळी ऐकू येते, आणि मग दुसरी. कोरस आर्गॉसच्या बारा वृद्धांचा आहे. आता काय करायचे, यावर ते बारा जण एकेक करून प्रत्येकी दोन ओळी बोलतात : नागरिकांना हाक मारू या, आत घुसू या, आधी खात्री करून घेऊ या. आत कुणीच जात नाही. कोरसने शक्यतो ऑर्केस्ट्रा सोडायचा नाही, हा रिवाज. आणि त्या रिवाजातून एस्किलसने जुलमापुढे चर्चा करत बसणाऱ्या सभ्य माणसांचे चित्र काढले. शेवटी दार उघडते आणि दोन प्रेतांशेजारी उभी असलेली राणी दिसते. अशा वेळी आतले दृश्य बाहेर आणण्यासाठी चाकांचा एक लाकडी चौथरा पुढे ढकलत. या मालिकेतल्या दुसऱ्या नाटकात तर याहून कमी साधनात काम होते. याच राजा-राणीचा मुलगा ऑरेस्टीस बापाच्या खुनाचा सूड घ्यायला येतो; त्याचा मित्र पायलाडीस पहिल्यापासून त्याच्याबरोबर मुका वावरतो. आईवर तलवार उगारलेला ऑरेस्टीस कचरतो आणि काय करू असे त्याला विचारतो, तेव्हा पायलाडीस तीन ओळी बोलतो, अपोलोच्या आज्ञेची आठवण देतो आणि पुन्हा कायमचा गप्प होतो. त्याची ती तीन वाक्ये देवाने बोलल्यासारखी वाटतात.

नाटकाची बांधणी साधारण ठरलेली असे. आधी प्रास्ताविक प्रवेश. मग कोरस बाजूच्या वाटेने गात-नाचत आत येई. पुढे संवादांचे प्रवेश आणि कोरसची पदे आलटून-पालटून चालत, आणि शेवटचा प्रवेश झाला की कोरस बाहेर पडे. कीर्तनात निरूपण आणि पद यांची जशी गुंफण असते, तशीच ही ये-जा होती. संवाद बोलण्याच्या लयीला जवळच्या वृत्तात असत आणि पदे ‘ऑलोस’ या जोडपाव्याच्या साथीवर, अधिक गुंतागुंतीच्या वृत्तांत व थोड्या निराळ्या बोलीच्या छटेत गायली जात. पदाच्या एका कडव्याची वृत्तरचना पुढच्या कडव्यात मात्रेबरहुकूम पुन्हा येई. हे संगीत जवळजवळ सगळे हरवले आहे. ‘ऑरेस्टीस’मधल्या काही ओळी स्वरचिन्हांसह पपायरस या प्राचीन कागदाच्या एका तुकड्यावर उरल्या आहेत, पण त्यांवरून सबंध प्रयोगाचा अंदाज बांधणे अवघडच. नृत्याचे तर काहीच उरले नाही. निम्मे नाटक असे गेलेले असताना उरलेल्या शब्दांवरून आपण ते ‘गंभीर आणि स्थिर’ असल्याचे ठरवतो, हे जरा घाईचे वाटते.

कवी परस्परांकडेही डोळा ठेवून असत. वर्षांच्या अंतराने परत आलेल्या ऑरेस्टीसला त्याची बहीण इलेक्ट्रा कशी ओळखते, हा प्रसंग तिघाही मोठ्या कवींनी लिहिला. एस्किलसकडे बापाच्या थडग्यावर वाहिलेली केसांची बट, पावलांचे ठसे आणि लहानपणीचे विणलेले वस्त्र, अशा खुणा पटतात. युरिपिडीसच्या नाटकात एक म्हातारा याच तीन खुणा पुढे करतो आणि इलेक्ट्रा त्याची फिरकी घेते : भावाबहिणीचे केस सारखे कसे असतील, पुरुषाचे आणि बाईचे पाऊल एका मापाचे कसे असेल, आणि लहानपणचा अंगरखा मोठेपणी कसा बसेल, तो काय अंगाबरोबर वाढतो? शेवटी ओळख पटते ती भुवईजवळच्या जुन्या व्रणावरून. जुन्या नाटकाची इतकी तपशिलवार थट्टा ज्यांना कळते अशा लोकांसाठीच ती लिहिता येते.

युरिपिडीस आकाशातून देव उतरवण्यासाठी यारीचाही, म्हणजे वजन उचलणाऱ्या क्रेनसारख्या यंत्राचाही, सढळ वापर करी. ‘मेडिया’च्या शेवटी मुलांची प्रेते घेऊन नायिका सूर्याच्या रथातून वरच्यावर निघून जाते आणि खाली उभ्या असलेल्या नवऱ्याला त्यांना स्पर्शही करू देत नाही. हा शेवट कथानकातून आपसूक येत नाही, अशी अ‍ॅरिस्टॉटलची तक्रार होती. मला मात्र तो शेवट अचूक वाटतो : जी जागा एरवी देवांची, तिथे मुलांना मारणारी आई दिसते आणि प्रेक्षकांना न्यायाचा आधार कुठेच सापडत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलविषयी थोडे सावध राहायला हवे. ‘काव्यशास्त्र’ त्याने चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिले, म्हणजे सोफोक्लीस आणि युरिपिडीस हे दोघेही इ. स. पू. ४०६ च्या सुमारास वारल्यानंतर निदान दोन पिढ्यांनी. नाटक वाचूनही त्याचा परिणाम व्हावा, दृश्याचा भाग कलेच्या दृष्टीने दुय्यम, असे त्याचे मत होते, आणि आपली पुस्तकी दृष्टी बरीचशी त्याच्याकडून आलेली आहे. त्यातही जे त्याने म्हटले नाही ते त्याच्या नावावर चढले. स्थळ, काळ आणि कृती या तीन ऐक्यांचा नियम त्याचा म्हणून सांगतात. त्याने आग्रह धरला तो फक्त कृतीच्या ऐक्याचा, बाकीचे सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इटालियन आणि फ्रेंच पंडितांनी पक्के केले. नायकाच्या ज्या ‘दोषा’ची परीक्षेत उत्तरे लिहिली जातात, तो त्याच्या लेखी स्वभावातला कलंक असण्यापेक्षा अजाणतेपणी झालेली घोडचूक होती. शेवट दुःखाचाच हवा अशी अटही नव्हती. ‘आयन’ आणि ‘हेलन’ यांचे शेवट सुखाचे आहेत, आणि एस्किलसची ती तीन नाटकांची मालिका तर न्यायालयाच्या निकालाने व मिरवणुकीने संपते.

मूळ प्रयोग एकदाच होत, पण चौथ्या शतकात जुन्या नाटकांचे पुनःप्रयोग नियमित होऊ लागले आणि नट सोयीप्रमाणे ओळी बदलू लागले. म्हणून लायकर्गसने तिन्ही कवींच्या नाटकांच्या प्रमाण प्रती राज्याच्या दप्तरात ठेवायचा कायदा केला. प्राचीन वैद्य गेलनने दिलेली हकीकत अशी की ईजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याने त्या प्रती नक्कल करण्यासाठी पंधरा टॅलंट चांदीच्या अनामतीवर मागून घेतल्या आणि अनामत जप्त होऊ देऊन मूळ प्रती अलेक्झांड्रियातच ठेवून घेतल्या. अथेन्सला सुबक नकला परत मिळाल्या. पुढच्या शतकांत शाळांतून वाचली जाणारी नाटके टिकली, बाकीची गळत गेली. सोफोक्लीसने १२० हून अधिक नाटके लिहिली, उरली सात. एस्किलसच्या नावावरही सातच, आणि त्यांतले ‘बंदिस्त प्रॉमिथियस’ त्याचे आहे का, याबद्दल वाद आहे.

युरिपिडीसची मात्र अठरा-एकोणीस उरली, आणि त्याचे कारण गुणवत्तेशी संबंधित नाही. निवडक दहा नाटकांखेरीज त्याच्या समग्र नाटकांच्या वर्णानुक्रमे लावलेल्या संग्रहाचा एक भाग योगायोगाने वाचला, त्यामुळे ग्रीक वर्णमालेतल्या एप्सिलॉनपासून कॅपापर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारी नाटके आपल्या हाती आली. अखंड उरलेले एकमेव सॅटर नाटक, ‘सायक्लॉप्स’, असेच कॅपा या अक्षराच्या कृपेने वाचले. सोफोक्लीसच्या एका सॅटर नाटकाचा मोठा तुकडा ईजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांतून निघाला आणि १९१२ मध्ये छापला गेला. अगदी अलीकडे, २०२२ साली, ईजिप्तमध्येच फिलाडेल्फिया या प्राचीन गावाच्या दफनभूमीत पपायरसचा आणखी एक तुकडा सापडला. त्यावर युरिपिडीसच्या ‘आयनो’ आणि ‘पॉलिआयडस’ या दोन हरवलेल्या नाटकांतल्या मिळून जवळपास शंभर ओळी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक यापूर्वी कुठेही नोंदलेल्या नव्हत्या.